घोटाभर बर्फाचा धोका

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. ‘मिशन शौर्य’ या मोहिमेमुळे बोर्डा, देवाडा, जिवती इथल्या शाळांची नावे राज्यभर पोचली आणि उन्हाळ्यात ४७ अंश सोसणाऱ्या या मुलखाला बर्फ तितकासा परका राहिला नाही. दिवाळीच्या सुट्टीत हिमालय गाठणाऱ्या हौशी मंडळींच्या मनात मात्र एक समज पक्का असतो: हंगाम नुकता सुरू झालाय, बर्फ जेमतेम घोटाभर, मग हिमस्खलन होईल कुठून? हा समज बहुधा आपल्याकडच्या दरडींवरून आला असावा. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला तो धो धो पावसानंतर. पाणी जितके मुरेल तितका धोका वाढतो, हे आपल्याला ठाऊक असते. बर्फाचे गणित नुसत्या जाडीवर चालत नाही. थरांनी एकमेकांना किती धरून ठेवले आहे, यावर ते ठरते आणि इथेच पातळ बर्फ दगा देतो.

जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असल्याने तिला लागून असलेला बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो. वरचा पृष्ठभाग रात्री उणे १५ पर्यंत उतरला आणि थर ४० सेंटीमीटरचाच असला, तर तापमानातला फरक मीटरमागे साडेसदतीस अंशांचा पडतो. थर दोन मीटरचा असता तर तो साडेसातच राहिला असता. हा फरक मीटरमागे साधारण दहा अंशांच्या पुढे गेला की बर्फातली वाफ खालून वर सरकते, कणाकणावर गोठते आणि कणांना टोकदार पैलू फुटतात. असा बर्फ मुठीत कितीही दाबा, गोळा वळत नाही. दाणेदार साखरेसारखा बोटांतून गळतो. त्यावर नवा बर्फ पडून वाऱ्याने घट्ट बसला की भुसभुशीत पायावर लादी तयार होते. माणसाच्या वजनाने पाया खचतो, ‘धप्प’ असा आवाज येतो, भेग सरसर धावते आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर लादी सुटते.

एवढासा बर्फ माणसाला गाडणार कसा, हा आक्षेप रास्त वाटतो. पण गाडले जाणे हा एकच धोका नव्हे. पातळ बर्फात खडक उघडे असतात, हिमनदीच्या भेगा नीट बुजलेल्या नसतात. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘द्रौपदी का डांडा-२’ शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि अनेक जण वाहत जाऊन भेगेत पडले. ही नवखी पर्यटक मंडळी नव्हती. प्रशिक्षक सोबत होते. अंदाज मिळतातच की, असेही कुणी म्हणेल. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था ते देतेही, पण पट्ट्यापुरते. समोरच्या उताराचा थर तिथेच खणून पाहावा लागतो.

शिवाय ऑक्टोबरातले निळे आकाश भरवशाचे नसते. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले आणि गडचिरोलीला खेटून असलेल्या छत्तीसगडवरून उत्तरेकडे सरकले. १४ तारखेला त्याच्याच ओलाव्याने नेपाळच्या अन्नपूर्णा भागात प्रचंड हिमवर्षाव झाला; चाळीसहून अधिक माणसे गेली. तो नेपाळमधल्या पदभ्रमणाचा ऐन हंगाम होता.