तीन ठिपके आणि अठ्ठावीस खेळ
‘ऑडिसी’ या पहिल्या गृहक्रीडायंत्राची ओळख

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचे खेळ आज सर्वांच्या परिचयाचे आहेत. खेळ बदलावयाचा म्हणजे यंत्रात दुसरा कार्यक्रम भरावयाचा, हेही आता सर्वजण जाणतात. परंतु घरी वापरण्यासाठी विक्रीस आलेले या जातीचे पहिले यंत्र अगदी निराळ्या तत्त्वावर चालत असे. त्यात कार्यक्रम नव्हता, गणकयंत्र नव्हते आणि एक अक्षरही साठवून ठेवील अशी स्मृती नव्हती. तरीही त्या यंत्रासाठी एकंदर अठ्ठावीस खेळ तयार झाले. हे कसे शक्य झाले आणि ते खेळ नेमके कोठे साठविलेले होते, याचा विचार या लेखात केला आहे.

यंत्राचा जन्म

या यंत्राचे जनक राल्फ बेअर हे होत. त्यांचा जन्म १९२२ साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३८ साली ते कुटुंबासह अमेरिकेस गेले. पुढे न्यू हॅम्पशर राज्यातील नॅशुआ या गावी ‘सँडर्स असोसिएट्स’ या कंपनीत ते अभियंता म्हणून काम करीत असत. ही कंपनी मुख्यतः लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवी. घरोघरी असलेल्या दूरचित्रवाणी संचाचा उपयोग केवळ पाहण्यासाठीच का व्हावा, खेळण्यासाठी का होऊ नये, असा विचार बेअर यांच्या मनात आला. १ सप्टेंबर १९६६ रोजी त्यांनी तो चार पृष्ठांच्या टिपणात मांडला. बिल हॅरिसन व बिल रश या सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी एकामागून एक नमुने तयार केले. त्यांपैकी १९६८ सालचा नमुना, लाकडासारखा दिसणारा तपकिरी कागद वर चिकटविलेला असल्यामुळे, ‘तपकिरी पेटी’ म्हणून प्रसिद्ध आहे.

दूरचित्रवाणी संच बनविणाऱ्या ‘मॅग्नाव्हॉक्स’ कंपनीने १९७१ साली या शोधाचे हक्क घेतले आणि १९७२ साली ‘ऑडिसी’ या नावाने यंत्र बाजारात आणले. त्याची किंमत सुमारे शंभर डॉलर होती.

ठिपका कसा उमटतो?

ऑडिसीच्या अंतरंगात सुमारे चाळीस ट्रान्झिस्टर व तितकेच डायोड होते. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर चित्र काढणे अशक्यच होते. म्हणून यंत्र फक्त प्रकाशाचे चौकोनी ठिपके आणि एक उभी रेषा एवढेच दाखवी. दोन ठिपके दोन खेळाडूंचे आणि तिसरा चेंडूचा. हे ठिपके पडद्यावर योग्य जागी कसे उमटत, हे समजण्यासाठी त्या काळच्या दूरचित्रवाणी संचाची रचना थोडी लक्षात घेतली पाहिजे.

काचेच्या नळीत मागून येणारी इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्याच्या आतल्या बाजूवर डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढते, मग त्याखाली दुसरी, मग तिसरी, अशा रीतीने वरपासून खालपर्यंत येते. अमेरिकेतील पद्धतीत पूर्ण चित्र ५२५ रेघांचे असे आणि सेकंदाला अशी तीस चित्रे पडत. एका रेघेस सुमारे ६३ मायक्रोसेकंद लागत. म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी अवघे त्रेसष्ट. शलाका अंधूक असेल तेथे पडदा काळा दिसतो, तीव्र असेल तेथे उजळतो. तेव्हा ठिपका काढणे म्हणजे शलाकेस योग्य क्षणी क्षणभर उजळविणे होय.

येथे स्थळाचा प्रश्न काळाचा प्रश्न बनतो, आणि बेअर यांच्या योजनेचे मर्म हेच आहे. रेघ सुरू झाल्यापासून काही ठराविक वेळ थांबून एक विद्युत्-स्पंद निर्माण केला, तर तो प्रत्येक रेघेच्या त्याच जागी पडतो आणि पडद्यावर उभा पट्टा दिसतो. त्याचप्रमाणे चित्र वरून सुरू झाल्यापासून काही वेळ थांबून दुसरा स्पंद निर्माण केला, तर आडवा पट्टा दिसतो. हे दोन्ही स्पंद एकाच वेळी हजर असतील तेव्हाच शलाका उजळावी, अशी जोडणी केली, की दोन पट्टे जेथे एकमेकांस छेदतात तेवढाच चौकोन उजळतो. हाच ठिपका.

थांबण्याचा वेळ रोधक व धारित्र यांच्या जोडीने ठरतो. रोध वाढविला की धारित्र भरण्यास अधिक वेळ लागतो, स्पंद उशिरा येतो आणि ठिपका उजवीकडे किंवा खाली सरकतो. खेळाडूच्या हातातील पेटीवरील बटणे फिरविली म्हणजे हा रोधच बदलत असे. एका बटणाने ठिपका वरखाली जाई, दुसऱ्याने डावीउजवीकडे. तिसऱ्या बटणाने चेंडूस वळण देता येई.

दोन ठिपक्यांची टक्करही अशाच युक्तीने ओळखली जाई. चेंडूचा स्पंद व खेळाडूचा स्पंद एकाच क्षणी आले, तर दोघे पडद्यावर एकाच जागी आहेत, हे उघड आहे. तसे झाले की एक मंडल आपली अवस्था पालटी आणि चेंडू उलट दिशेने जाऊ लागे. यंत्रास याहून अधिक काही कळत नसे. त्यास आवाज नव्हता आणि गुण मोजण्याची सोयही नव्हती.

सहा कार्डे, बारा खेळ

यंत्राबरोबर मिळणाऱ्या पेटीत सहा लहान कार्डे असत. खेळ बदलावयाचा झाल्यास एक कार्ड काढून दुसरे खाचेत बसवावयाचे. यावरून त्या कार्डांत खेळ साठविलेले असावेत असे वाटेल. पण वस्तुस्थिती तशी नव्हती. कार्डावर केवळ तांब्याच्या वाटा होत्या. कार्ड बसविले की यंत्रातील काही ठराविक टोके एकमेकांस जोडली जात. कोणते ठिपके दिसावेत, मधली रेषा असावी की नाही, टक्कर झाल्यावर चेंडूने उलटावे की एखाद्या ठिपक्याने नाहीसे व्हावे, हे त्या जोडणीवरून ठरे. कार्ड म्हणजे यंत्रातील तारांची जोडणी बदलणारी किल्ली होती. यंत्र सुरू करण्यासाठी निराळे बटणही नव्हते. ते कामही कार्डच करी.

कार्डे सहा असली तरी खेळ मात्र बारा होते. हे गणित जुळले ते पेटीतील इतर साहित्यामुळे. पडद्यावर लावण्यासाठी रंगीत, प्रकाश आरपार जाईल अशी प्लॅस्टिकची पातळ आच्छादने त्यात होती. संचाचे पडदे लहानमोठे असत, म्हणून प्रत्येक आच्छादन दोन मापांत दिलेले असे. पडद्यावरील स्थिर विद्युतेमुळे ती काचेस चिकटून राहत. यांखेरीज फासे, पत्ते, खोट्या नोटा, पणाला लावावयाच्या चकत्या आणि गुण मांडण्याचे फलक असे साहित्य होते.

तिसऱ्या क्रमांकाचे कार्ड बसवून मैदानाचे आच्छादन लावले की टेनिस होई. तेच कार्ड तसेच ठेवून बर्फावरील मैदानाचे आच्छादन लावले की हॉकी. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही खेळ अगदी एकच. चौथ्या कार्डावर एका ठिपक्याने दुसऱ्यास गाठले की गाठला गेलेला ठिपका नाहीसा होई. चौकटींचा चक्रव्यूह लावला तर हे मांजराने उंदीर पकडणे ठरे, आणि झपाटलेल्या घराचे चित्र लावले तर भुताचा शोध. सहाव्या कार्डावर एकीकडे रूलेचा जुगार, तर दुसरीकडे अमेरिकेच्या नकाशावरील राज्ये ओळखण्याचा शैक्षणिक खेळ चाले. फुटबॉलच्या खेळात तर निम्मे काम पत्ते व फलक यांच्यावरच होई.

सारीपाट खेळणाऱ्यांस यात नवल वाटण्याचे कारण नाही. सोंगटी म्हणजे लाकडाचा एक तुकडा. ती पटावर कोणत्या घरात आहे, ती मेली की जिवंत, हे लाकडास ठाऊक नसते. ते खेळणाऱ्यांस ठाऊक असते. ऑडिसीचा ठिपकाही तशीच एक प्रकाशाची सोंगटी होती. बर्फावरून घसरण्याच्या ‘स्की’ या खेळात आच्छादनावर वळणावळणाची वाट छापलेली असे आणि खेळाडूने आपला ठिपका तिच्यावरून न्यावयाचा असे. ठिपका वाटेबाहेर गेला तर ते यंत्रास कळण्याचा मार्ग नव्हता, कारण आच्छादन पडद्याच्या बाहेर होते आणि यंत्रास त्याची वार्ताही नव्हती. चूक मोजणे हे खेळाडूंच्या प्रामाणिकपणावर सोपविलेले होते.

पुढे विकत मिळणाऱ्या स्वतंत्र खेळांत एका बंदुकीचाही समावेश होता. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारे साधन असे. ठिपक्यावर नेम धरून चाप ओढला की ठिपका नाहीसा होई. पण बंदूक खोलीतील दिव्यावर रोखली तरी यंत्र तो नेम लागलाच असे मानी! प्रकाश कोठून आला, हे ओळखणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते.

जोडणीकडून कार्यक्रमाकडे

ऑडिसीची विक्री १९७५ पर्यंत चालली. एकंदर सुमारे साडेतीन लाख यंत्रे विकली गेली, असे मानले जाते. हे यंत्र मॅग्नाव्हॉक्सच्याच संचावर चालते असा पुष्कळ ग्राहकांचा गैरसमज झाला आणि त्याचा विक्रीस फटका बसला. परंतु त्याचा प्रभाव विक्रीच्या आकड्यांहून मोठा होता. मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या प्रात्यक्षिकात नोलन बुशनेल यांनी ऑडिसीवरील टेबल टेनिस पाहिले. त्याच वर्षी त्यांच्या ‘अटारी’ कंपनीने ‘पाँग’ हे नाणे टाकून खेळावयाचे यंत्र काढले आणि ते अतिशय लोकप्रिय झाले. त्यावरून मॅग्नाव्हॉक्सने न्यायालयात दावा लावला. तो १९७६ साली तडजोडीने मिटला.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९७६ मध्ये, ‘फेअरचाइल्ड’ कंपनीचे नवे यंत्र बाजारात आले. ते पुढे ‘चॅनेल एफ’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच्या निर्मितीत जेरी लॉसन या कृष्णवर्णी अभियंत्याचा मोठा वाटा होता. या यंत्रात मायक्रोप्रोसेसर होता आणि प्रत्येक खेळ प्लॅस्टिकच्या वेष्टनातील स्मृतीत आज्ञांच्या रूपाने साठविलेला होता. आता यंत्रास भिंत कोठे आहे हे कळे, गुण मोजता येत आणि नियम मोडणेही अशक्य झाले. पुढील वर्षी, १९७७ साली, अटारी कंपनीचे यंत्र याच तत्त्वावर निघाले आणि घराघरांत पोहोचले. जे नियम पूर्वी छापील पुस्तिकेत व खेळाडूंच्या मनात होते, ते आता यंत्राच्या स्मृतीत गेले.

जतनाचा प्रश्न

या फरकाचा एक परिणाम तेव्हा कोणाच्या ध्यानी आला नसेल. स्मृतीत साठविलेल्या आज्ञा म्हणजे अंकांची मालिका. ती एकदा वाचून उतरून घेतली की मूळ वस्तू नष्ट झाली तरी खेळ टिकतो आणि आजच्या गणकयंत्रावर पुन्हा खेळता येतो. चॅनेल एफ व त्यानंतरच्या यंत्रांचे बहुतेक खेळ अशा रीतीने जतन झाले आहेत.

ऑडिसीच्या कार्डातून मात्र उतरून घेण्याजोगे अंक नाहीतच. त्याचे विद्युन्मंडल समजून घेऊन ठिपक्यांची हुबेहूब नक्कल करता येते, आणि तशी ती करण्यातही आली आहे. पण आच्छादन हरवले, पत्त्यांचा जोड अपुरा राहिला किंवा नियमांची पुस्तिका फाटून गेली, तर उरतात ते काळ्या पडद्यावर फिरणारे निरर्थक ठिपके. फासे व नोटा मुलांच्या हाती विखुरतात आणि पातळ प्लॅस्टिकला घड्या पडून ते चिरते. यंत्र सुस्थितीत असूनही खेळ नाहीसा होतो, तो असा.

म्हणून या अठ्ठावीस खेळांचे रक्षण करावयाचे तर काम केवळ अभियंत्याचे राहत नाही; ते ग्रंथपालाचेही होते. बेअर यांनी आपली टिपणे, आराखडे व नमुने जपून ठेवले होते. २००६ साली तपकिरी पेटी व तिच्याबरोबरची कागदपत्रे त्यांनी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयास दिली. २०१४ साली त्यांचे निधन झाले. यंत्राबरोबर कागदही जपला गेल्यामुळेच, चाळीस ट्रान्झिस्टरांनी काढलेल्या तीन ठिपक्यांना कधीकाळी कोणता अर्थ होता, हे पुढील पिढ्यांना सांगता येईल.