बेळगावातला ‘ळ’

माझं माहेर बेळगावचं. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशात कुणालाही भर घालता येते, म्हणून गेल्या दिवाळीत बाबांच्या शेजारी बसून मी आमच्या गल्लीची नोंद करत होते. बाबांनी चष्मा पुसत विचारलं, “गावाचं नाव काय लिहिलंय त्यात?”

हा प्रश्न आमच्या घरात साधा नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेलं. या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ पासून महाराष्ट्राचा बेळगाववरचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यातच १ नोव्हेंबर २०१४ रोजी, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, राज्यातल्या बारा शहरांची नावं अधिकृतपणे बदलली. इंग्रजीतलं जुनं ‘बेलगाम’ जाऊन ‘बेळगावी’ आलं. आमच्यासारख्या मराठी घरांच्या ते जिव्हारी लागलं. आमच्या कानडी शेजाऱ्यांना मात्र घरात पिढ्यान्‌पिढ्या घेतलेलं नाव सरकारी कागदावर आल्याचा आनंद झाला.

शहराचं नाव बदलायचं तर राज्य सरकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे प्रस्ताव पाठवतं. मंत्रालय रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांचं म्हणणं मागवतं. मंजुरीनंतर राजपत्रात अधिसूचना निघते आणि सरकारी नकाशे नवं नाव घेतात. छापील नकाशात एका ठिपक्याशेजारी जागा थोडी, म्हणून फार तर जुनं नाव कंसात येतं. वाद दोन देशांमधला असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. जपान ज्याला ‘जपानचा समुद्र’ म्हणतो, त्याला कोरिया ‘पूर्व समुद्र’ म्हणतो. अखेर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेने समुद्रांना नव्या डिजिटल यादीत क्रमांक द्यायचं ठरवलं. तंटा टळेल, पण किनाऱ्यावरचा कोळी आपल्या समुद्राला क्रमांकाने ओळखणार नाही.

खुल्या नकाशाची वाट मला जास्त माणुसकीची वाटते. तिथे एका जागेला नावाचे अनेक रकाने असतात: मुख्य, मराठी, कानडी, इंग्रजी, जुनं, पर्यायी. मुख्य रकान्यासाठी नियम असा की प्रत्यक्ष जागेवर, पाट्यांवर जे नाव दिसतं ते लिहायचं. बाकीची नावं आपापल्या रकान्यात जातात. मराठी रकान्यात ‘बेळगाव’ लिहिलं की ते जुनं किंवा चुकीचं ठरत नाही. ते आमच्या भाषेतलं आजचं, चालतं-बोलतं नाव असतं.

आमच्या गल्लीचा कानडी रकाना रिकामा होता. मला ती लिपी येत नाही. शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या. त्यांनी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नाव लिहून दिलं, आणि खाली हौसेने गावाचंही. मधल्या गोल अक्षरावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा तुमचाच ळ.”

त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ या दोन्ही नावांत ‘ळ’ आहे. जुन्या शिलालेखांत या गावाचं नाव ‘वेणुग्राम’ असं येतं. तिथवरचा वारसा दोघांचा एकच. आपला ‘ळ’ हरवला तो इंग्रजी स्पेलिंगमध्ये. त्या स्पेलिंगवरून हिंदीत कित्येकदा ‘बेलगाम’ लिहितात आणि यंत्रं ‘बेलगावी’ करून ठेवतात.

सीमेचा निकाल न्यायालय देईल. मराठी पाट्यांचा आणि मराठी कागदपत्रांचा आमचा आग्रह कायम राहील, राहिलाच पाहिजे. पण नकाशावर दुसऱ्याचं नाव खोडून आपलं नाव मोठं होत नाही. म्हणून तुमच्या गावाचा, वाडीचा, ओढ्याचा मराठी रकाना रिकामा असेल तर तो आजच भरा. शेजाऱ्याचा भरलेला असेल तर त्याला हात लावू नका.

बाबांनी दोन्ही नावं पडद्यावर पाहिली, मराठीतलं मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “दे पाठवून.”