पीसीओची पुढची पिढी

बाजार समितीत सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी, तहसील कचेरीत दाखल्यासाठी ताटकळणारा विद्यार्थी, बसस्थानकावर गाडीची वाट पाहणारी बाई. मराठवाड्यातल्या सेनगावसारख्या तालुक्याच्या गावात अशा माणसांना इंटरनेट हवे असते ते तास-दोन तासांपुरते. दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपलेला असतो, आणि जुलै २०२४मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवल्यापासून वरचा रिचार्जही जड जातो. ही थोडी, सुटी गरज भागवण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी ‘पीएम-वाणी’ ही सार्वजनिक वाय-फायची योजना मंजूर केली.

तिची मांडणी चौघांवर उभी आहे. दुकानात वाय-फाय बसवून इंटरनेट विकणारा तो पीडीओ. किराणावाला, चहावाला, झेरॉक्सवाला, कोणीही पीडीओ होऊ शकतो. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, शुल्क नाही. अशा अनेक दुकानांचा हिशेब आणि ग्राहकांची पडताळणी पाहणारा तो पीडीओए. ग्राहकाला जवळचा हॉटस्पॉट दाखवणारे ॲप तिसरे. पीडीओए आणि ॲपवाला या दोघांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते. चौथी मध्यवर्ती नोंदवही. ती सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था सांभाळते. १९८४ साली स्थापन झालेल्या याच संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारी ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज बनवली होती. एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या गावोगाव लागल्या त्या त्याच काळात. फोन घरी नसला तरी दुकानात जाऊन करता येतो, हीच कल्पना आता इंटरनेटला लावली आहे.

गावातल्या छोट्या इंटरनेट पुरवठादाराला हे काम जमण्यासारखे आहे. फायबर त्याने आधीच टाकलेले असते, खांबावर चढणारी माणसे त्याच्याकडे असतात. दुकानात राउटर आणि बाहेर भिंतीवर ॲक्सेस पॉइंट बसवायचा; एकाच केबलमधून त्याला वीज आणि डेटा दोन्ही मिळतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५पासून परवानामुक्त आहे. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८मध्ये मोकळा झाला. पहिला लांब पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. बाजारपेठेत प्रत्येक दुकानात राउटर असताना ही निवड विचारपूर्वक करावी लागते. दुसरा वेगवान आहे, मात्र भिंत आणि झाडाचा पाला त्याला लवकर अडवतात.

ग्राहकाने वाय-फाय जोडले की लॉगिनचे पान उघडते. मोबाइल नंबर, ओटीपी, यूपीआयने पैसे, आणि पॅक सुरू. पॅक फोनच्या मॅक पत्त्याशी बांधू नये. आजचे फोन तो पत्ता बदलत राहतात, आणि पैसे भरलेला माणूस दुसऱ्या हॉटस्पॉटवर गेला की त्याचे लॉगिन तुटते. पॅक मोबाइल नंबरशी बांधलेला बरा. प्रत्येकाच्या वेगाला मर्यादा हवी, नाहीतर एकाच्या सिनेमापायी बाकीच्यांचे अर्ज अडकतात. एका ग्राहकाच्या फोनला दुसऱ्याचा फोन दिसू नये, ही सोय चालू ठेवणे तर कर्तव्यच. मराठवाड्यातल्या वळिवाच्या विजा ध्यानात घेऊन अर्थिंग पक्के करावे आणि वीज गेल्यावर टिकेल अशी बॅटरी द्यावी.

२०१८च्या राष्ट्रीय डिजिटल दूरसंचार धोरणाने २०२२पर्यंत १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे उद्दिष्ट ठेवले होते. पीएम-वाणीच्या हॉटस्पॉटची संख्या मात्र लाखांतच राहिली. अडले ते तारेच्या दरावर. पुरवठादार कंपन्या दुकानदाराला घरगुती फायबरऐवजी कित्येक पट महाग लीज्ड लाइन घ्यायला लावत. दहा-वीस रुपयांचे पॅक विकून तिचे भाडे निघणे शक्यच नव्हते. अखेर जून २०२५मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना पीडीओलाही द्यायच्या आणि त्यांचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त नको.

हा आदेश छोट्या गावांसाठी मोलाचा आहे. आता तालुक्याच्या पुरवठादाराने आपल्या पाच-दहा ग्राहक दुकानांशी बोलावे, उत्पन्नाची वाटणी आधी ठरवावी आणि दर पाटीवर लिहावेत. नगरपंचायतीने खांब आणि इमारती वापरू द्याव्यात. पीसीओ टिकला तो दुकानदाराला प्रत्येक कॉलमागे चार पैसे सुटत म्हणून. सेनगावातला हॉटस्पॉटही दुकानदाराला महिन्याअखेर फायदा दिसला तरच चालेल, आणि योजनेचा खरा कस तिथेच लागेल.