कुटकी : कुंडीत नाही, डोंगरावरच

मागच्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. "दुकानातून कुटकी आणून कुंडीत लावली. महिना झाला, कोंब नाही. आमचं काय चुकलं?" तेव्हाच आम्ही ठरवलं, आजचं बोलणं कुटकीवर.

आधी एक घोळ मिटवू. मेळघाटाकडे कोदो-कुटकी म्हणतात, ते धान्य. ही कुटकी वेगळी. काष्ठौषधीच्या दुकानात काळपट, वेडीवाकडी, जिभेला लावताच तोंड कडू करणारी मुळकांडी मिळतात, ती ही. कुणी हिला केदारकडू म्हणतात. आरोग्यवर्धिनीच्या गोळीत निम्मा भाग हिचाच असतो.

हिचं घर हिमालयात, काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत, तीन हजार मीटरच्या वर. रोप वीतभर उंचीचं. पानं जमिनीलगत, कडांना दाते. पावसाळ्यात मधून एक दांडी वर येते आणि तिच्यावर फिकट निळसर-जांभळी बारीक फुलं दाटीनं लागतात. हिवाळ्यात वरचं सगळं सुकतं. बर्फाखाली मूळ तेवढं जिवंत राहतं आणि बर्फ वितळलं की पुन्हा फुटतं.

आता ताईंचं उत्तर. दुकानातलं मूळ वाळवलेलं असतं, ते फुटणार कुठून? आणि ओलं रोप मिळालं तरी आपला उन्हाळा त्याला सोसणार नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरच. म्हणून घरी लावायचा नाद सोडा.

मग लावतं कोण? उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात घेस नावाचं गाव आहे. तिथली कुटुंबं कुटकीची शेती करतात. जमीन भुसभुशीत, पाणी न साठणारी हवी. त्यात कुजलेला पाला आणि शेणखत मिसळतात. जुन्या रोपाच्या जमिनीवर सरपटणाऱ्या फांद्यांचे बोट-बोटभर तुकडे, टोकाला कोंब ठेवून, पावसाच्या सुरुवातीला लावतात. दोन रोपांत साधारण फूटभर अंतर. बियांपासूनही रोप होतं, पण बी अगदी बारीक; आधी वाफ्यात जपावं लागतं आणि वेळही जास्त लागतो. पुढे तण काढायचं, कोरड्या दिवसांत पाणी द्यायचं. ही बरीचशी वाकून करायची कामं बायकांच्याच वाट्याला येतात.

पीक हाती यायला साधारण तीन वर्षं. बी पिकल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात मुळं खणतात. कोंबाचा भाग पुन्हा लावायला ठेवतात, बाकीची धुऊन सावलीत वाळवतात.

तीन वर्षं कशाला थांबायचं, असं वाटून कुणी रानातली उपटून आणतं. पण मूळच नेलं की रोप संपलं. बी धरायच्या आत खणलं तर पुढची पिढीही गेली. रानातली कुटकी इतकी घटली, की १९९७ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. आज शेती वाढली नाही, तर उद्या औषधाला खरी कुटकी मिळणं अवघड होईल.

यात आपण काय करू शकतो? दुकानदाराला विचारा, "ही शेतातली की रानातली?" त्याला ठाऊक नसेल कदाचित. पण दहाजणींनी विचारलं तर तोही पुढे विचारील. लागेल तेवढीच घ्या, डबा भरून ठेवू नका.

आणि एक सांगणं. कुटकी पोट साफ करणारी, चांगलीच तीव्र. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये, बाळालाही चाटवू नये. कडू आहे म्हणजे गुणकारीच, असं समजू नका.

आणि त्या ताईंना सांगतो, कुंडी रिकामी ठेवू नका. तिच्यात ओवा लावा, तुळस लावा. ती आपल्या उन्हाची आहेत. पुढच्या आठवड्यात भेटूच. नमस्कार!