उसाच्या गावात वालाचं बी

बारामतीहून इंदापूरच्या एसटीत खिडकी मिळाली, तर अंथुर्ण्यापर्यंत काय दिसतं? ऊस. मग परत ऊस. मधेच एखादी डाळिंबाची नाहीतर पेरूची बाग. एवढं हिरवंगार, पण घरातली भेंडी-वांगी मात्र आठवडी बाजारातून येतात. आजीच्या वेळी मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ असायची, कुंपणावर दोडका चढलेला असायचा. आता तिथे कोबा झालाय आणि त्यावर बाईक उभी असते.

म्हणून परसबाग शिकायला क्लास असतो म्हटलं की हसू येतं. पण हा विषय शिकवणारी सगळ्यात भारी मास्तरीण स्वतः शाळेत गेलेलीच नाही. राहीबाई पोपेरे. गाव कोंभाळणे, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. घरातली नातवंडं सारखी आजारी पडायला लागली, तेव्हा त्यांचा संशय औषधं मारलेल्या भाजीवर गेला आणि त्या गावरान बियाण्यांच्या मागे लागल्या. 'बायफ' संस्थेची साथ मिळाली, घरातच बियाणे बँक उभी राहिली. 2020 च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज बायका, शेतकरी, शाळेची पोरं त्यांच्याकडे शिकायला येतात. फी म्हणाल तर एकच: बी न्यायचं आणि दुप्पट परत आणून द्यायचं.

मला या सगळ्यात ही अट जास्त आवडते. कारण कुंडी, माती, शेणखत हे यूट्यूबवरही कळतं. बी धरायचं कसं, हे मात्र हाताखाली राहूनच कळतं. दुकानातल्या हायब्रिड टोमॅटोचं बी धरलं, तर पुढच्या वर्षी झाडं वेगवेगळ्या तऱ्हेची निघतात, मूळच्यासारखी नाही. म्हणजे दरवर्षी पाकीट विकत आणणं आलं. गावरान वाण तसं फसवत नाही. वेलावरची सगळ्यात चांगली शेंग मोह आवरून तोडायची नाही, वाळू द्यायची. मग बी राखेत घोळवून मडक्यात. वालाला हे सोपं. भोपळ्याला तेवढं नाही, कारण शेजारच्या भोपळ्याचा पराग मधमाशी आणून टाकते आणि वाणात भेसळ होते.

अकोल्याचं सगळं इंदापुरात जसंच्या तसं चालणार नाही, हेही खरं. आपला तालुका पर्जन्यछायेतला. इथे भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी आळ्यात गेलं पाहिजे आणि बुडाशी पाचटाचं आच्छादन हवं. पाचटाची तर आपल्याकडे कमी नाही, उगाच पेटवून देतो.

शिकायचं असेल तर माळेगावजवळ शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. पण त्याआधी घरीच आजीला, नाहीतर शेजारच्या म्हातारीला विचारा, एखाद्या डब्यात, गाडग्यात जुनं बी उरलंय का. जूनच्या आत विचारा. वाल पहिल्या पावसावर लावतात.