मूल एकवीस वर्षांचं झालं, म्हणजे व्हिसा गेला?

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या भावाने किंवा बहिणीने भारतातल्या भावंडासाठी आय-१३० पिटिशन भरून ठेवलं आहे, अशी घरं पुणे, ठाणे, नाशिककडे शोधावी लागत नाहीत. भावंडांच्या या एफ-४ गटाला वर्षाला ६५,००० व्हिसा असतात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला येणाऱ्या व्हिसांवर ७ टक्क्यांची मर्यादा असते. त्यामुळे २०२५ साली भारतीयांचे २००६ मध्ये भरलेले अर्ज पुढे सरकत होते. अर्जाच्या वेळी बालवाडीत असलेलं मूल तोवर पदवीधर होऊन नोकरीला लागलेलं असतं. अमेरिकेच्या कायद्यात मात्र ‘मूल’ म्हणजे २१ वर्षांखालची अविवाहित व्यक्ती. म्हणून आईवडिलांचा नंबर लागतो आणि मूल मागे राहतं.

हा फटका कमी करण्यासाठी ६ ऑगस्ट २००२ पासून ‘चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’, म्हणजे सीएसपीए, लागू झाला. त्याचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, नियम अर्धवट माहीत असतात, आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

गैरसमज: पिटिशनमध्ये मुलाचं नाव आहे, म्हणजे त्याची जागा पक्की.

वस्तुस्थिती: भावंडाच्या अर्जात मुख्य लाभार्थी भाऊ किंवा बहीण असते, जोडीदार आणि मुलं त्यांच्यासोबत येतात. अर्जात नाव लिहिलं म्हणून मुलाची जागा राखली जात नाही. अर्जानंतर जन्मलेलं मूल नाव नाही म्हणून वगळलंही जात नाही. व्हिसा उपलब्ध होतो तेव्हा मुलाचं कायद्याने मोजलेलं वय २१ च्या आत आहे का, हे पाहिलं जातं.

गोंधळ होतो तो दुसऱ्या एका नियमामुळे. नागरिक असलेल्या आईने किंवा वडिलांनी २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलासाठी थेट अर्ज केला, तर अर्ज दाखल झाल्याच्या दिवशी त्याचं वय गोठतं. काका, मामा किंवा मावशीने केलेल्या अर्जाला हा नियम लागू होत नाही.

गैरसमज: एकविसावा वाढदिवस उलटला, आता काही उरलं नाही.

वस्तुस्थिती: सीएसपीएचं वय आणि जन्मदाखल्यावरचं वय वेगळं असू शकतं. व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीच्या वयातून, अर्ज दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंत गेलेले दिवस वजा करतात. उरलेला आकडा २१ पेक्षा कमी असेल आणि मूल अविवाहित असेल, तर ते कायद्याने अजून मूलच आहे.

व्हिसा उपलब्ध होण्याचा दिवसही नीट पाहावा लागतो. दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. त्यांपैकी ‘फायनल अ‍ॅक्शन डेट्स’च्या तक्त्यानुसार तुमचा नंबर लागला, त्या महिन्याची पहिली तारीख धरतात, अर्ज त्यानंतर मंजूर झाला असेल तर मंजुरीची तारीख. वकिलाती हाच तक्ता वापरतात. अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मागणाऱ्यांसाठी २०२३ पासून काही काळ दुसरा, थोडा पुढे असलेला तक्ता चालत होता. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना ती सवलत नाही. म्हणून कुणाचा जुना अनुभव ऐकून आपला हिशोब करू नये.

गैरसमज: रांगेत गेलेली सगळी वर्षं वजा होतात, आणि अर्ज जितका लवकर मंजूर, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो. समजा, अर्जाच्या वेळी मूल साडेचार वर्षांचं होतं आणि नंबर वीस वर्षांनी लागला. खरं वय साडेचोवीस. मंजुरीला चार वर्षं लागली असतील, तर सीएसपीएचं वय साडेवीस होतं आणि मूल आईवडिलांसोबत जाऊ शकतं. तोच अर्ज सहा महिन्यांत मंजूर झाला असेल, तर वय चोवीस भरतं आणि मूल बाहेर पडतं. कार्यालयात अर्ज पडून राहिला ते दिवस वजा होतात; मंजुरीनंतर रांगेत काढलेली वर्षं होत नाहीत. अर्जाच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल वीस वर्षांनी तिशीत असतं. त्याला वाचवायला मंजुरीसाठी नऊ वर्षांहून अधिक काळ गेलेला असावा लागतो.

गैरसमज: वय २१ च्या आत बसलं, की काम झालं.

वस्तुस्थिती: व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत मुलासाठी ठोस पाऊल उचलावं लागतं. वकिलातीमार्फत जाणाऱ्यांनी डीएस-२६० अर्ज दाखल करणं किंवा इमिग्रंट व्हिसाची फी भरणं, आणि अमेरिकेत असलेल्यांनी आय-४८५ दाखल करणं, ही अशी पावलं आहेत. असामान्य परिस्थितीत उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. जन्मदाखल्यातलं स्पेलिंग दुरुस्त होईपर्यंत फी भरायची थांबलेलं कुटुंब हातातलं वर्ष घालवून बसू शकतं.

गैरसमज: मधल्या काळात लग्न केलं तरी चालतं.

वस्तुस्थिती: आईवडिलांसोबत जाणाऱ्या मुलाचं लग्न झालं, की सीएसपीएचं संरक्षण जातं. ग्रीन कार्डवर असलेल्या आईवडिलांनी मुलासाठी थेट अर्ज केला असेल, तर परिणाम आणखी कठोर असतो. त्यांच्या विवाहित मुलांसाठी कायद्यात गटच नाही. आई किंवा वडील नागरिक होण्याआधी मुलाचं लग्न झालं, तर तो अर्जच संपतो. मुहूर्त काढण्याआधी वकिलाला विचारा.

गैरसमज: मूल बाहेर पडलं तरी जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे अर्जाची दाखल तारीख, त्याच्या कामी येते.

वस्तुस्थिती: ग्रीन कार्डधारक आईवडिलांनी केलेल्या अर्जात ते खरं आहे, मूल २१ च्या पुढे गेलं की अर्ज वयाने मोठ्या अविवाहित मुलांच्या एफ-२बी गटात जातो आणि तारीख तीच राहते. भावंडांच्या अर्जातून आलेल्या मुलांना ही सोय नाही. जून २०१४ मध्ये ‘शियालाबा विरुद्ध क्वेयार दे ओसोरियो’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा हाच अर्थ मान्य केला. अशा मुलासाठी आईवडिलांना अमेरिकेत गेल्यावर नवा अर्ज करावा लागतो, आणि रांग नव्या तारखेपासून सुरू होते.

म्हणून हे गणित नंबर लागायच्या आधीच करा. पावतीवरची दाखल तारीख, मंजुरीची तारीख आणि मुलाची जन्मतारीख एका कागदावर मांडा आणि दर वर्षी बुलेटिनशी ताडून पाहा. शक्यता काठावरची असेल, तर इमिग्रेशन वकिलाला वेळेत गाठा. शक्यता नसेल, तर ते मुलाला स्पष्ट सांगा. कॉलेज, नोकरी, लग्न यांचे निर्णय ‘आपल्याला जायचंय ना’ या एका वाक्यापायी दहा-दहा वर्षं लांबवणं हा त्या मुलावर अन्याय आहे. व्हिसा कधी येणार हे आपल्या हातात नाही. मुलाला खरा हिशोब वेळेवर देणं आहे.