रेटिंग दहाचं, शाळा कितीची?

‘एडिसन बरं की वेस्ट विंडसर?’ न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा प्रश्न दर वसंतात हटकून पडतो. भाड्याचा करार संपत आलेला असतो, थोरल्याला केजीत घालायचं असतं आणि घर घ्यायचं मनात घोळत असतं. उत्तरंही ठरलेली. एक जण शाळेचं दहापैकी रेटिंग पाठवतो, दुसरा न्यूयॉर्कच्या गाडीचं वेळापत्रक, तिसरा ‘इकडेच या, आपले लोक भरपूर आहेत’ म्हणून मोकळा होतो. शिक्षक कसे आहेत ते कोणी सांगत नाही, कारण ते कोणी विचारलेलंच नसतं.

आणि तरी याच मंडळींना ‘शाळेत सर्वांत महत्त्वाचं काय’ असं विचारून बघा. बहुतेक जण ‘चांगले शिक्षक’ असंच म्हणतील. आपण बोलतो एक आणि घर घेतो दुसऱ्याच हिशेबाने. बरेच गैरसमज या दोहोंमधल्या फटीतच वाढले आहेत.

घराच्या पत्त्यावरून मुलाची शाळा ठरते ती स्कूल डिस्ट्रिक्टमुळे, तेव्हा आधी तो म्हणजे काय ते थोडक्यात. महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हटल्यावर जिल्हा परिषद आठवेल, पण हे प्रकरण त्याहून फार लहान असतं. अमेरिकेत सरकारी शाळा चालवणारे असे सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्ट आहेत. हवाईत सगळ्या राज्याचा मिळून एकच आहे, तर चिमुकल्या न्यू जर्सीत सहाशेच्या घरात. काही गावांत तर एका शाळेचा एक डिस्ट्रिक्ट. प्रत्येकाचं स्वतःचं शिक्षण मंडळ असतं, बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडून दिलेलं. सुपरिंटेंडंट नेमणं, अभ्यासक्रमाला मान्यता देणं, अर्थसंकल्प ठरवणं, कोणती गल्ली कोणत्या शाळेत जाणार ती रेघ आखणं, हे सगळं मंडळाच्या हाती.

गैरसमज : रेटिंग १० म्हणजे शाळा उत्तम, ५ म्हणजे सुमार.

घर शोधायच्या संकेतस्थळांवर घराखाली जो आकडा दिसतो, तो बहुधा ‘ग्रेटस्कूल्स’ या १९९८ साली सुरू झालेल्या संस्थेचा असतो. कित्येक वर्षं त्या आकड्यामागे होते ते मुख्यतः परीक्षेचे सरासरी गुण. आणि सरासरी गुणांवर शाळेपेक्षा घरच्या परिस्थितीची छाप जास्त पडते, हे अमेरिकेत १९६६ च्या कोलमन अहवालापासून माहीत आहे. आईबाप दोघं इंजिनिअर, घरात पुस्तकं, शनिवारी गणिताचा क्लास, अशी मुलं जिथे जमतील तिथे आकडा चढणारच. यात शाळेची कर्तबगारी किती, ते आकडा सांगत नाही. शर्यतीत कोण पुढे आहे एवढं तो दाखवतो, कोण कुठून पळायला लागलं ते नाही.

स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या परीक्षांचे गुण एका मापात आणून नेमका हाच हिशेब मांडला. तिसरीत मूल कुठे होतं आणि आठवीत कुठे पोहोचलं, हे त्यांनी पाहिलं. त्यात शिकागोने सगळ्यांना चकित केलं. गरिबी, गोळीबार आणि शिक्षकांचे संप यांसाठी बदनाम झालेल्या या डिस्ट्रिक्टची मुलं २००९ ते २०१४ या काळात पाच वर्षांत जवळपास सहा वर्षांइतकं शिकली. देशातल्या शंभर मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये हा वेग सर्वांत जास्त होता. सरासरी गुण मात्र तरीही राष्ट्रीय सरासरीच्या खालीच राहिले, म्हणजे रेटिंग पाहून घर घेणारा तिकडे फिरकलाही नसता.

‘ग्रेटस्कूल्स’नेही २०१७ पासून मुलांची प्रगती हिशेबात धरायला सुरुवात केली. न्यू जर्सीचं शिक्षण खातं दर वर्षी प्रत्येक शाळेचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध करतं. त्यात साध्या गुणांच्या शेजारी वाढीचा आकडा असतो : आदल्या वर्षी तेवढेच गुण मिळवणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत हे मूल यंदा किती पुढे सरकलं. शिक्षकांचा अनुभव आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाणही तिथेच सापडतं. अहवाल फुकट आहे, लांबलचक आहे आणि रुक्ष आहे. पाच-सहा लाख डॉलरचं घर घेणाऱ्याने तेवढा कंटाळा सोसायला हरकत नसावी.

गैरसमज : पालकांना काय हवं ते त्यांना विचारलं की कळतं.

मार्क श्नायडर आणि जॅक बकली या अभ्यासकांनी वॉशिंग्टन शहरातल्या शाळांची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळावर पालक काय काय उघडून पाहतात, याचा माग काढला. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वेक्षणांमध्ये पालक शिक्षक, सुरक्षितता, अभ्यास असं सांगतात. शाळेत कोणत्या वंशाची आणि कोणत्या थरातली मुलं आहेत, याला महत्त्व देतो असं जवळजवळ कोणीच म्हणत नाही. संकेतस्थळावर मात्र अगदी सुरुवातीला उघडली जाणारी पानं त्याच माहितीची होती.

पुढे एमआयटीचे पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क शहर पाहिलं. तिथे हायस्कूलसाठी मुलांना पसंतीक्रम भरून द्यावा लागतो, त्यामुळे कोणाला काय हवं ते कागदावर उतरतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की पालक हुशार मुलं जमणारी शाळा निवडतात. शाळा स्वतः मुलात किती भर घालते, याचा वेगळा असा परिणाम पसंतीक्रमावर दिसलाच नाही.

‘आपले लोक भरपूर आहेत’ या सल्ल्याचा अर्थ इथे नीट लागतो. त्यात वाईट काही नाही. परक्या देशात मुलाला डब्यातल्या पोळीभाजीवरून कोणी चिडवू नये, असं कोणत्या आईला वाटणार नाही? फक्त त्याला शाळेचा दर्जा म्हणू नये. तो शेजार आहे, आणि शेजाराचे पैसे आपण शाळेच्या नावाने मोजत असतो.

शिक्षकाचं महत्त्व मात्र खरोखरच सिद्ध झालेलं आहे. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ यांनी एका मोठ्या शहरातल्या लाखो मुलांच्या शाळेतल्या नोंदी त्यांच्या मोठेपणीच्या कमाईशी ताडून पाहिल्या. सर्वांत कमकुवत पाच टक्क्यांतल्या शिक्षकाच्या जागी सरासरी शिक्षक एक वर्ष आला, तर त्या एका वर्गाची आयुष्यभराची एकत्रित कमाई सुमारे अडीच लाख डॉलरने वाढते, असा त्यांचा हिशेब. म्हणजे पालक तोंडाने सांगतात ते बरोबरच आहे. घर घेताना ते विसरतात, एवढंच.

गैरसमज : जितका टॅक्स जास्त, तितकी शाळा चांगली.

न्यू जर्सीत घरामागचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेला आणि त्यातला जवळपास निम्मा शाळांकडे जातो. तेव्हा टॅक्स आणि शाळा यांचं नातं मनात पक्कं बसणं साहजिक आहे. पण शाळांना राज्य सरकारही पैसा देतं आणि कोणाला किती द्यायचा याचा न्यू जर्सीतला इतिहास मोठा आहे. ‘अॅबट विरुद्ध बर्क’ हा खटला १९८१ मध्ये उभा राहिला. गरीब शहरांतल्या मुलांना श्रीमंत उपनगरांच्या तोडीचा पैसा मिळालाच पाहिजे, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला, आणि १९९८ मध्ये या शहरांतल्या तीन व चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडीही द्यायला लावली. आज असे ३१ डिस्ट्रिक्ट आहेत : न्यूअर्क, कॅमडेन, न्यू ब्रन्सविक, आणि आपल्या मंडळींचं आवडतं जर्सी सिटी.

जर्सी सिटीतले कितीतरी मराठी पालक तीन वर्षांचं मूल दिवसभराच्या मोफत बालवाडीत घालतात, दोन वर्षं तिचं कौतुक करतात आणि मूल केजीला आलं की ‘इथल्या शाळा बऱ्या नाहीत’ म्हणून उपनगर गाठतात. बालवाडी त्याच डिस्ट्रिक्टची असते, हे सहसा कोणी बोलत नाही.

पैशाने काही होत नाही, हेही खरं नाही. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं की बाराही इयत्तांत दर मुलामागचा खर्च १० टक्क्यांनी वाढला, तर गरीब घरच्या मुलांचं शिक्षण सरासरी जवळपास अर्ध्या वर्षाने वाढतं आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढते. सुखवस्तू घरांतल्या मुलांवर परिणाम बराच कमी.

गैरसमज : घर विकत घेतल्याशिवाय चांगला डिस्ट्रिक्ट मिळत नाही.

मिळतो. भाडेकरूच्या मुलाचा हक्क घरमालकाच्या मुलाइतकाच आहे. भाडेकरार आणि विजेचं बिल यांसारखे राहत्या जागेचे पुरावे दाखवावे लागतात. पत्त्यातल्या गावाच्या नावावर मात्र विसंबू नका. टपालाचा पत्ता प्रिन्स्टनचा आणि शाळा वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक किंवा मॉन्टगोमरीची, अशी घरं त्या भागात ढिगाने आहेत. एडिसनमध्ये डिस्ट्रिक्ट एक आणि हायस्कुलं दोन. घर कोणत्या भागात आहे त्यावर हायस्कूल ठरतं; जाहिरातीत ‘नॉर्थ एडिसन’ ठळक छापलेलं असतं ते उगाच नाही. रिअल्टरच्या शब्दापेक्षा डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात फोन करून घराचा पत्ता सांगणं बरं.

गैरसमज : मुलाला ‘ईएसएल’ किंवा ‘आयईपी’ लागला की शिक्का बसला.

शाळेत नाव घालताना एक फॉर्म येतो : घरात कोणती भाषा बोलता? मूल पहिला शब्द कोणत्या भाषेत बोललं? आजी-आजोबा येऊन-जाऊन असलेल्या, दिवसभर मराठी चालणाऱ्या घरातही इथे सर्रास ‘इंग्लिश’ लिहिलं जातं. मुलाला ‘ईएसएल’च्या, म्हणजे इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या, वर्गात बसवतील ही धास्ती. वास्तविक मराठी लिहिल्याने एवढंच होतं की मुलाचं इंग्रजी तपासलं जातं. चांगलं असेल तर विषय संपला. नसेल तर त्याला कायद्याने मदत मिळते आणि इंग्रजी जमलं की ती थांबते. खोटं लिहून आपण मुलाची मदत तोडतो, वर घरची भाषा लपवण्यासारखी आहे हेही त्याला शिकवतो. त्याच न्यू जर्सीत इंग्रजीसह दुसऱ्या भाषेवर प्रभुत्व दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला बारावी संपताना द्वैभाषिकतेचा सन्मान देण्याचा कायदा २०१६ मध्ये झाला.

‘आयईपी’ म्हणजे शिकायला अडचण येणाऱ्या मुलासाठी लेखी आखलेला वैयक्तिक आराखडा. हा हक्क १९७५ च्या केंद्रीय कायद्याने दिला आहे. न्यू जर्सीत पालकाने तपासणीची लेखी मागणी केली की डिस्ट्रिक्टने २० दिवसांत बैठक घ्यायची असते आणि पालकाची संमती मिळाल्यापासून ९० दिवसांत तपासणी पुरी करून, मूल पात्र ठरलं तर, आराखडा अमलात आणायचा असतो. तोंडी विनवणीने हे घड्याळ सुरू होत नाही. अर्ज लेखीच द्या, आणि तारीख घालून द्या.

गैरसमज : जास्त अभ्यास करून घेते ती चांगली शाळा.

वेस्ट विंडसर–प्लेन्सबरो हा आपल्या लोकांचा लाडका डिस्ट्रिक्ट. २०१५ च्या शरदात तिथले सुपरिंटेंडंट डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिलं. आदल्या शालेय वर्षात १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं आणि ४० मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. हे त्या डिस्ट्रिक्टचे आकडे, ज्याचं नाव ऐकून घरांच्या किमती चढतात. त्यानंतर हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या गेल्या, चौथी-पाचवीतल्या वेगवान गणिताला आळा बसला, आणि वाद्य कसंही वाजलं तरी प्रत्येक मुलाला वाद्यवृंदात बसता यावं अशी सोय झाली.

गावात उभी फूट पडली. ‘आमच्या मुलांचं शिक्षण पातळ करता आहात’ असा आवाज उठला, आणि तो मुख्यतः आशियाई पालकांचा होता. सगळ्यांचा नव्हे, पण पुष्कळांचा. त्यांचा राग मला कळतो. स्पर्धापरीक्षेच्या जोरावर जे देश सोडून इथवर आले, त्यांना परीक्षा काढून घेणं म्हणजे शिडी काढून घेणं वाटणार. पण ४० हा आकडा समोर ठेवल्यावर त्या वादात मी कोणत्या बाजूला आहे, हे सांगायला मला फार वेळ लागत नाही.

गैरसमज : अमेरिकेतल्या सरकारी शाळा एकंदरीत बिघडल्याच आहेत.

गॅलपच्या २०२२ च्या पाहणीत देशातल्या शालेय शिक्षणावर समाधानी असलेले प्रौढ होते ४२ टक्के. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणावर समाधानी असलेले पालक ८० टक्के. लांबून सगळ्या शाळा वाईट दिसतात, आणि आपलं मूल जिथे रोज जातं ती चालते.

राहता राहिला शिक्षण मंडळाच्या बैठकीचा मुद्दा. ‘आपण नागरिक नाही, आपलं कोण ऐकणार’ म्हणून तिकडे न फिरकणारे एच-वन व्हिसावाले पालक खूप आहेत. मत देता येत नाही हे खरं. पण न्यू जर्सीत या बैठका खुल्या असतात आणि प्रत्येक बैठकीत लोकांना बोलायला वेळ ठेवणं मंडळावर कायद्याने बंधनकारक आहे. शिक्षक सोडून का जातात, मागे पडलेल्या मुलासाठी काय व्यवस्था आहे, हे विचारायची हीच जागा. अर्थसंकल्पावरची जाहीर सुनावणी एप्रिलच्या अखेरीस ते मेच्या सुरुवातीला होते, बहुधा संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला. त्या दिवशी जेवण अर्धा तास उशिरा करा आणि जाऊन या.